टीव्हीवर आपला अल्बम

दुपारची भांडी आवरली असतील, जरा टेका. आज आम्ही गटातल्या सगळ्याजणी मिळून बोलतोय, आणि विषय आहे घरच्या डीव्हीडी प्लेअरवर बघायची फोटोंची डिस्क.

आमच्या गटाचे सगळे फोटो एकीच्याच मोबाईलमध्ये होते. पापडाचं वाळवण, बँकेत पहिल्यांदा गेलो तो दिवस, आळंदीची सहल. एक दिवस मोबाईलनं कार्ड वाचायचंच सोडलं. तालुक्याच्या दुकानात दाखवलं, काही निघालं नाही. आणि त्याच महिन्यात आमच्या आक्का गेल्या. गटाच्या पहिल्या अध्यक्षा त्या. त्यांच्या लेकीनं फोटो मागितला, तर आमच्याकडे कागदावर छापलेला एकच निघाला. सगळ्या गटाचा, आणि त्यात आक्का अगदी कडेला उभ्या.

मग आम्ही घरोघरी फिरून फोटो गोळा केले. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या देव्हाऱ्यामागे. अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नका बरं का, रंग निघून येतो. सावलीच्या उजेडात, अल्बमसकटच वरून फोटो घ्यायचा. असे साठ फोटो जमले.

एकीच्या भाच्यानं पहिली डिस्क करून दिली. कॉम्प्युटरवर झकास दिसली. आक्कांच्या लेकीच्या घरी प्लेअरमध्ये घातली, तर नुसती गरगरली आणि बाहेर आली. चूक काय होती? त्यानं लिहून झाल्यावर डिस्क बंदच केली नव्हती. याला ‘फायनलाईज’ करणं म्हणतात. पिशवी भरली पण तोंड शिवलं नाही, तसं. कॉम्प्युटर अशी डिस्क चालवून घेतो, घरचा प्लेअर बहुतेक वेळा नाही घेत.

दुसरं म्हणजे, करून घेताना कोणती डिस्क हवी ते स्पष्ट सांगा. नुसते फोटो टाकलेली डिस्कही बऱ्याच प्लेअरवर दिसते. प्लेअरवर ‘जेपीईजी’ लिहिलंय का बघा. पण तिच्यात आवाज नसतो. शिवाय फोटोंना एक, दोन, दहा असे आकडे दिले तर एकच्या मागे दहा येतो. म्हणून ००१, ००२ असे द्यायचे. आम्हाला आवाज हवा होता, म्हणून ‘डीव्हीडी व्हिडिओ’ करून घेतली, आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीची.

आवाज कशाला? आमच्यातल्या निम्म्याजणींना वाचता येत नाही. फोटोखाली नावं लिहून उपयोग काय? म्हणून गाणं न लावता आम्हीच बोललो. ही कोण, हे कुणाचं अंगण, त्या दिवशी पाऊस कसा आला. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मागे कोंबडा आरवतोय तोही आला. दुकानवाले एका फोटोला पाच सेकंद धरतात. सांगणं त्यात बसत नाही, आम्ही दहा धरले. साठ फोटोंची दहा मिनिटं झाली. डिस्कमध्ये जागा दोन तासांची असते, पण दहा मिनिटांच्या पुढं पाहुणे उठतातच.

दुसरी डिस्क चालली. सगळ्या माना वर करून बघत होत्या. गटाचा फोटो आला आणि लेक म्हणाली, “आई कुठाय?”

आक्का नव्हत्याच. जुना टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या आत खातो, हे आम्हाला माहीत नव्हतं. कागदावर त्या कडेला होत्या, टीव्हीच्या काचेवर कापल्या गेल्या. त्या घरात कुणी काही बोललं नाही. चहा तसाच ठेवून आलो.

तिसऱ्या वेळी भाच्याजवळ बसून राहिलो. प्रत्येक फोटो जरा लहान करून चारी बाजूंनी काळी पट्टी सोडायला लावली. आडवे पडलेले फोटो आधीच सरळ केले. आणि गटाच्या फोटोतून आक्कांचा चेहरा वेगळा मोठा करून त्याच्या मागोमाग लावला. थोडा धूसर आला, पण हसू कळतं. डिस्क लिहिताना लाईट गेली तर ती वायाच जाते. आमची एक गेली. म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या आणि डिस्क कमी वेगानं लिहायला सांगा.

डिस्कवर नाव घालायचं ते छापील बाजूला, मार्करनं. बॉलपेननं ओरखडा पडतो. कागदी लेबल चिकटवू नका. पुसताना मऊ सुती कापड घेऊन मधून बाहेर सरळ पुसायचं, ताटासारखं गोल नाही. उन्हात, चुलीजवळ ठेवायची नाही. आणि एकीवर भरवसा ठेवू नका. आमच्या तीन आहेत: एक लेकीकडं, एक गटाच्या पेटीत, एक अंगणवाडीच्या कपाटात. मूळ फोटो पेनड्राईव्हवर वेगळे.

लेकीनं आक्कांचा फोटो आला तसं रिमोटवर पॉजचं बटण दाबलं. आम्ही चहा पिऊन निघालो तरी टीव्ही तसाच चालू होता.