खाचरातली अर्धा किलो माती



भात कापून खाचरं मोकळी झाली, जमीन वाफशावर आली, की मुळशीतल्या घोटावड्याच्या शिवारात तपासणीसाठी माती काढायला चांगला हंगाम असतो. खत टाकून अडीच-तीन महिने झालेले असतात, त्यामुळे अहवालात खत दिसत नाही, जमीन दिसते.

तुमच्या शेताचं वरच्या अंगाचं खाचर तांबूस, मुरमाड असतं आणि ओढ्याकडचं काळं, चिकट. दोन्हींची माती एका पिशवीत घातलीत तर अहवाल येतो तो तिसऱ्याच शेताचा, जे कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. म्हणून नमुने वेगळे. खाचरात नागमोडी चालायचं, सात-आठ जागी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती फेकून द्यायची आणि खड्ड्याच्या भिंतीचा वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाड काप खरवडायचा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग टाळायचा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या; अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवा. घमेलं मात्र प्लॅस्टिकचं घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यातून जस्त मातीत उतरतं, आणि भाताला नेमकं जस्तच कमी पडत असतं. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर तांबेरलेले ठिपके येऊन रोपं खुंटतात, ते पुष्कळदा त्यामुळेच.

माझा पहिला नमुना मी खताच्या रिकाम्या गोणीवर वाळवला होता. अहवालात पालाश असं काही चढलं, की चार वर्षं खत घ्यायलाच नको! वडील म्हणाले, "जमीन सुधारली की गोणी झटकायची राहिली?"

आता क्षारांचं. मृद आरोग्य पत्रिकेवरच्या बारा बाबींत सामू असतो आणि विद्युत वाहकता असते. ही वाहकता म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप. एकच्या आत असली की पिकाला सहसा धोका नसतो. घोटावड्यात हा आकडा बहुधा फारच लहान येतो, कारण मुळशीचा पाऊस क्षार राहूच देत नाही, धुऊन मुळा नदीत नेतो. पण तोच पाऊस चुनाही नेतो, नत्रही नेतो. क्षार नाहीत म्हणून जमीन सकस, असा हिशेब मांडू नका. सेंद्रिय कर्बाची ओळ आधी वाचा.

याच पुणे जिल्ह्यात नीरेकाठी गोष्ट उलटी. तिथे कालव्याचं पाणी आलं, निचरा करायचा राहिला, भूजल वर चढलं आणि पाठोपाठ मीठ वर आलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. ऊस तेव्हाही गोड होता, त्यामुळे वाचणारे थोडे.

बारामतीकडच्या पाहुण्यानं जिप्सम टाकलं म्हणून आपणही टाकावं, हे मला पटत नाही. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध: ओली असताना बुळबुळीत, वाळली की दगडासारखी. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकतं. नुसत्या खारवट जमिनीला आधी चर खणून पाणी बाहेर काढावं लागतं. आणि आपल्या मुळशीच्या खाचराला दोन्ही नकोत.

एक अपवाद सांगतो. वरच्या अंगाला वस्ती वाढून ओढ्यात सांडपाणी येत असेल आणि त्यावर तुम्ही मेथी-कोथिंबीर करत असाल, तर मातीबरोबर बाटलीभर पाणीही तपासायला द्या. साबणाच्या पाण्यातून सोडियमच येतं.

पिशवीत चिठ्ठी टाका: नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक. पेन्सिलीनं लिहा. माती थोडी दमट राहिली तर पेनाची शाई फुटते, आणि मग प्रयोगशाळेतला माणूस तुमचा गट नंबर अंदाजानं लावतो.