मूकपटांच्या काळातील ‘शिराज’

भारतातील बहुतेक मूकपट नष्ट झाले असताना जे मोजके टिकून राहिले, त्यांत १९२८ सालच्या ‘शिराज’ची गणना होते. निरंजन पाल यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाची निर्मिती हिमांशु राय यांनी जर्मन व ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने केली, दिग्दर्शन म्युनिकचे फ्रान्झ ऑस्टेन यांनी केले, आणि शिराज या कुंभारपुत्राची भूमिकाही स्वतः राय यांनीच वठवली. शिराजचे जिच्यावर प्रेम असते ती सेलिमा (एनाक्षी रामा राव) पळवली जाऊन शाहजादा खुर्रमच्या (चारू रॉय) महालात पोहोचते आणि पुढे मुमताज महल होते. तिच्या कबरीचा आराखडा अखेर शिराजच तयार करतो. इतिहासाशी या कथेचे नाते नाममात्रच आहे, मात्र शिराजला हत्तीच्या पायाखाली देण्याचा प्रसंग, खरा हत्ती वापरून चित्रित केल्यामुळे, आजही अंगावर काटा आणतो. कारस्थानी दालियाच्या भूमिकेतील सीता देवी, मूळ नाव रेनी स्मिथ, तर नायिकेपेक्षाही अधिक लक्षात राहते. मूकपटाला स्वतःचा ध्वनी नसल्याने संगीत प्रदर्शनाच्या वेळी प्रत्यक्ष वाजवले जाई; ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये पुनरुज्जीवित केलेल्या प्रतीसाठी ते नव्याने अनुष्का शंकर यांनी रचले.