खोकला, डाग आणि मेणाचा ठोकळा
(गिंडी येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानातून)

मी पॅथॉलॉजीवाली. बाप्पापुढे कॅन्सरचा विषय काढते, रागावू नका.

आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर पुष्कळदा क्षयरोग समजला जातो. खोकला तोच, वजन घटणं तेच, एक्स-रेवरचा डागही तसाच. थुंकीत जंतू नसतानाही गोळ्या चालू राहतात आणि महिने निघून जातात. म्हणून तुकडा काढून तपासायला घाबरू नका.

अडेनोकार्सिनोमा निघाला, तर त्याच तुकड्यात ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल शोधतात. ईजीएफआरचा बदल २००४ साली उमगला. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्यांत, विशेषतः बायकांत, तो जास्त आढळतो. तो सापडला तर नेमकी गोळी देता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली छापून आला: नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमोथेरपी दिल्यावर १६ महिने.

आपल्यापैकी कुणी उपचाराला अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जातं, कुणी गावाकडे मुंबई-पुण्याला. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. तुकड्याचा मेणातला ब्लॉकही मागून घ्या. पुढच्या चाचण्या त्यावरच होतात.