वीट टनावर घेऊ नका



या परिषदेत अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे : रीजनरेटरमधल्या चेकरची, म्हणजे उष्णता साठवून परत देणाऱ्या जाळीदार रचनेची, वीट. भट्टीचा क्राउन, काचेला भिडणारे ब्लॉक, बर्नर यांवर आपण तासन्‌तास बोलतो. चेकर डोळ्यांआड असतो, म्हणून तो चर्चेतूनही सुटतो आणि त्याची खरेदी पुष्कळ ठिकाणी आजही टनाच्या भावावर ठरते. ही पद्धत मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

रीजनरेटरची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 च्या पेटंटमध्ये उष्णता साठवून परत देण्याची योजना मांडली. नीलसन यांनी 1828 मध्ये झोतभट्टीला गरम हवा देण्याचं पेटंट घेतलं. फ्रीडरिश सीमेन्स यांचं रीजनरेटिव्ह भट्टीचं पेटंट 1856 चं, आणि पुढच्याच वर्षी काउपर यांनी झोतभट्टीच्या हवेसाठी विटांनी भरलेला स्टोव्ह आणला. 20 जून 1862 रोजी मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपलं शेवटचं शुक्रवारचं व्याख्यान दिलं, ते सीमेन्सच्या गॅस भट्टीवर. विजेच्या त्या महान संशोधकाला विटांच्या या रचनेची इतकी मातब्बरी वाटली होती. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, ओगलेवाडीचा 1916 चा. मराठी माणूस काचेच्या भट्टीपाशी शंभराहून अधिक वर्षं उभा आहे. त्या भट्टीचं गणित मराठीत मांडताना अडखळायचं कारण नाही.

काचेच्या भट्टीत साधारण दर वीस मिनिटांनी दिशा पालटते. वीस मिनिटं जळका वायू चेकरमधून खाली उतरतो आणि विटा तापवतो. पुढची वीस मिनिटं थंड हवा त्याच विटांमधून वर चढते आणि 1200 अंशांच्या पुढे तापून ज्वालेकडे जाते. आता प्रश्न असा, की वीस मिनिटांत उष्णता विटेत शिरते तरी किती खोल? फायरक्लेच्या विटेत ती जेमतेम 20 ते 25 मिलिमीटर शिरते. भिंत दोन्ही बाजूंनी तापते, म्हणजे 75 मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा मधला भाग या देवघेवीत जवळपास भागच घेत नाही. त्याचं तापमान हलत नाही. त्याचे पैसे मात्र आपण मोजलेले असतात.

हिशेब कागदावर करून पाहा. 140 मिलिमीटरचं चौकोनी भोक धरा. भोवतालची भिंत 75 मिलिमीटर ठेवली, तर एक घनमीटर चेकरमध्ये वायूला भिडणारा पृष्ठभाग साधारण 12 चौरस मीटर मिळतो आणि 58 टक्के जागा वीट खाते. भिंत 40 मिलिमीटर केली, की पृष्ठभाग 17 चौरस मीटरवर जातो आणि विटेचा वाटा 40 टक्क्यांवर उतरतो. वजन कमी आणि काम जास्त. टनाचा भाव पाहणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त पातळ भिंतीच्या चिमणी ब्लॉकचा टनामागचा चढा दर दिसतो. पातळ भिंतीला चांगली वीट, अचूक माप आणि ओळंब्यात बसवणारा हात लागतो, हे खरं. तो खर्च करण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट मालाची. चेकर वरपासून खालपर्यंत एकाच विटेचा बांधता येत नाही. वरच्या थरांना 1400 अंशांचा वायू आणि भट्टीतून उडून आलेली कच्च्या मालाची धूळ सोसायची असते. तिथे शुद्ध मॅग्नेशिया. खाली 1100 ते 800 अंशांच्या पट्ट्यात सोडियम सल्फेट गोठू लागतं, आणि विटेच्या कणांना धरून ठेवणारा बंधच खातं. तिथे पूर्वी मॅग्नेशिया-क्रोम वापरत. त्यातून विषारी सहा-संयुजी क्रोमियम तयार होतं हे कळल्यावर मॅग्नेशिया-झिरकॉनसारख्या विटा आल्या. तळाशी फायरक्ले पुरेशी होते. कमी किमतीची वीट दोन थर वर सरकवली, तर सगळा चेकर तिथूनच बसतो.

चेकर चोंदतोय हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. चेकर पेलणाऱ्या रायडर कमानींखालच्या बोगद्यातून, सुरक्षित अंतरावरून वर पाहा. मोकळी भोकं लालभडक चमकतात, चोंदलेली काळी दिसतात. काळ्या भोकांचा नकाशा दर महिन्याला काढणारा मिस्त्री माझ्या लेखी मोठा अभियंता आहे. सल्फेट 884 अंशांना वितळतं, म्हणून तळाचं तापमान काही काळ चढवून ते पाझरून काढता येतं. पण मुळात सल्फेट कुठे साचेल याचा विचार चेकरच्या आराखड्यातच झालेला असला पाहिजे.

एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणाऱ्या वायूत उष्णता वाहून नेण्याची क्षमता जास्त असते. त्यामुळे कितीही उंच चेकर बांधला, तरी धुराड्यातला वायू थंडगार होत नाही. कुणी विक्रेता शंभर टक्के वसुलीचं आश्वासन देऊ लागला, तर त्याला हे समीकरण दाखवा. शिवाय हवा जितकी तापेल तितके नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. बर्नरची रचना त्याच बैठकीत ठरली पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. निविदेत टनाचा दर पहिल्या रकान्यात नको. तिथे चौरस मीटर पृष्ठभाग, भिंतीची जाडी, थरवार विटेची जात आणि भट्टीच्या पूर्ण आयुष्यात परत मिळणारी उष्णता मागा. आणि भट्टी थंड दुरुस्तीला उघडेल तेव्हा चेकर फोडून ढिगाऱ्यात टाकू नका. प्रत्येक थरातली एक वीट बाजूला ठेवा, उभी कापा, आतल्या रंगाचे पट्टे मोजा, थराचा क्रमांक लिहा. असा नोंदतक्ता मी मराठीत तयार करून कार्यवाहांकडे दिला आहे, म्हणजे तो भरायला मिस्त्रीला कुणाकडे जावं लागणार नाही. जाताना आपापल्या कारखान्यासाठी प्रती घेऊन जा, आणि पुढच्या परिषदेला भरलेले तक्ते व कापलेल्या विटा दोन्ही घेऊन या.