वादळ, युद्ध आणि मूठभर गूळ

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



‘संकटकाळातील आंतरराष्ट्रीय साहाय्य’ या विषयावर बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय विशाल आहे. म्हणून वादळ आणि युद्ध ज्या एकाच भूमीवर पाठोपाठ कोसळले, त्या पूर्व बंगालचेच उदाहरण घेतो.

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री, ऐन भरतीच्या वेळी, चक्रीवादळाने भोला, मनपुरा, हातिया ही बेटे धुऊन काढली. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांचा आहे. परदेशांतून जहाजे व हेलिकॉप्टरे आली. पाकिस्तानी शासन मात्र संथच राहिले. पुढे 25 मार्च 1971 रोजी त्याच जनतेवर लष्कर तुटून पडले आणि सुमारे एक कोटी माणसे भारताच्या आश्रयास आली. पत्रावर लावावे लागणारे 5 पैशांचे निर्वासित-साहाय्याचे जादा तिकीट आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी या लोकांसाठी संगीतसभा घेतली. तिकीटविक्रीचा निधी युनिसेफकडे गेला. ध्वनिमुद्रिकेचे पैसे मात्र कराच्या वादात कित्येक वर्षे अडकले. दानाची इच्छा आणि दान पोहोचणे, यांत केवढे अंतर पडते!

मला अधिक सांगायचे आहे ते बनगावविषयी. सीमेवरील या गावाच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पडून होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तोंडाने पाजलेल्या पाण्याने कॉलऱ्याचा रुग्ण वाचतो, यावर तेव्हा अनेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. औषधदान हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. येथे ते दान बहुधा आईच्याच हातून घडले.

फझले हसन आबेद हे चितगावला तेल कंपनीत अधिकारी होते. वादळानंतर त्यांनी मनपुरा बेटावर मदतकार्य केले. युद्ध संपल्यावर, 1972 साली, लंडनमधील आपले घर विकून ते परतणाऱ्या निर्वासितांच्या पुनर्वसनास लागले. त्यातूनच ‘ब्रॅक’ ही संस्था उभी राहिली. 1980 ते 1990 या काळात तिच्या कार्यकर्त्या बांगलादेशातील सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढेच त्या आईला शिकवीत. (ग्लुकोजच्या जागी गूळ आला, कारण तो घरात होता.) काही दिवसांनी तपासनीस येऊन आईला तेच पुन्हा विचारी, तिला जितके आठवे, त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. किती घरे झाली, एवढ्यावर तो ठरत नसे. हिशेबाची ही रीत मला फार मोलाची वाटते. आपल्या विश्वस्तांनीही ती जरूर पाहावी.

2002 साली हीच संस्था युद्धाने होरपळलेल्या अफगाणिस्तानात गेली. तीस वर्षांपूर्वी जेथे परक्यांची मदत उतरत होती, तेथून आता मदत निघाली होती.

जय जिनेंद्र.