सत्तर टक्के म्हणजे किती?



गणपतीपुढे गणित मांडाल का, असं कार्यकर्त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. बुद्धीच्या देवतेपुढे गणिताला कसली मनाई? आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी गणित शिकवण्यात गेली, दुसरीची शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात. जेवणाच्या टेबलावर आमचा सर्वांत जुना वाद एकाच गोष्टीवरून चालत आला आहे : अरुंद झालेल्या नळीतून रक्त वाहतं कसं?

विषय वाटतो तितका पुस्तकी नाही. इथे बसलेल्या बहुतेक घरांत एकदा तरी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आलेला आहे. त्यात एक आकडा असतो. '७० टक्के ब्लॉक.' तो ऐकून कोणी लगेच सही करतं, कोणी पुण्याच्या भावाला फोन लावतं. पण हे ७० टक्के कशाचे, ते सहसा विचारलं जात नाही.

अँजिओग्राफीत साधारणपणे व्यास धरतात. व्यास निम्मा झाला की छेदाचं क्षेत्रफळ पाव उरतं. म्हणजे तीच वाहिनी एका हिशेबाने ५० टक्के अरुंद, दुसऱ्या हिशेबाने ७५. व्यास ७० टक्क्यांनी गेला असेल तर क्षेत्रफळ ९१ टक्क्यांनी गेलेलं असतं. दोन घरांतले रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी एवढं आधी पाहावं.

आता प्रवाह. प्वाझय नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. रक्ताचा दाब मोजायला पाऱ्याची नळी त्यानेच १८२८ साली वापरात आणली, म्हणून आजही आपण ब्लड प्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो. पुढे त्याने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून द्रव वाहवून पाहिले आणि नियम काढला : दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळावा हिस्सा. नुसती २० टक्के कमी केली तरी प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो.

इथे आमच्यातला गणितवाला खूश होतो आणि शरीरवाली त्याला थांबवते. कारण हा नियम जसाच्या तसा लावला तर व्यास निम्मा झालेला माणूस अंथरुणातून उठताच कामा नये. प्रत्यक्षात तो रोज नेहरू पार्कात तीन फेऱ्या मारतो.

याचं उत्तर आपल्या न्हाणीघरातल्या नळात आहे. जलूदहून नर्मदेचं पाणी आपल्या टाकीपर्यंत येतं आणि टाकीतून एका लांब, जुन्या पाइपातून नळाला. नळ पूर्ण उघडा, मग थोडा बंद करा. धार फारशी बदलत नाही. आणखी बंद करा, तरी बादली भरतच राहते. शेवटच्या पाव फेऱ्यात मात्र धार एकदम मरते. कारण आधी खरी अडवणूक लांब पाइपातच होती, नळाची अडवणूक त्यापुढे किरकोळ. हृदयातही तसंच. मोठ्या वाहिनीपेक्षा पुढच्या अतिबारीक वाहिन्यांचा विरोध कितीतरी जास्त असतो. मोठी वाहिनी अरुंद झाली की या बारीक वाहिन्या सैल होतात आणि बसल्या जागी प्रवाह जवळजवळ होता तेवढाच राखतात. म्हणूनच आजार गुपचूप वाढतो.

पण सैल होण्याची ही शिल्लक मेहनतीसाठी ठेवलेली असते. निरोगी हृदयात जोरदार श्रमाच्या वेळी प्रवाह चार-पाचपट वाढू शकतो. शिल्लक आधीच खर्चून बसलेल्या माणसाला जिना चढताना ती मिळत नाही. शिवाय अरुंद जागेतून रक्त वेगाने सुटतं, पलीकडे भोवरे होतात आणि दाब वाया जातो. ही नासाडी काही अंशी प्रवाहाच्या प्रमाणात होते, काही अंशी प्रवाहाच्या वर्गाच्या. प्रवाह दुप्पट झाला की नासाडीचा दुसरा भाग चौपट. खुर्चीत काही नाही आणि तिसऱ्या मजल्यावर छाती भरून येते, त्यामागे हा वर्ग आहे.

तेव्हा चित्रापेक्षा दाब मोजावा, हे ओघानेच आलं. बारीक तारेच्या टोकाला दाबमापक लावून ती अडथळ्यापलीकडे नेतात, औषधाने बारीक वाहिन्या पूर्ण सैल करतात आणि अलीकडचा व पलीकडचा दाब पाहतात. अलीकडे १००, पलीकडे ७६ असेल तर गुणोत्तर ०.७६. ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर अडथळा खरोखर रक्त अडवतो असं धरतात. या तपासणीला एफएफआर म्हणतात.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात एकाहून अधिक वाहिन्या अरुंद असलेले १००५ रुग्ण होते. अर्ध्यांना चित्र पाहून स्टेंट बसवले, अर्ध्यांना दाब मोजून. पहिल्या गटात माणशी सरासरी २.७ स्टेंट लागले, दुसऱ्यात १.९. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया यांपैकी काही वाट्याला आलेले पहिल्या गटात १८.३ टक्के, दुसऱ्यात १३.२. त्याच रुग्णांत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी ६५ टक्के दाबाच्या कसोटीवर निरुपद्रवी निघाले. ७१ ते ९० टक्क्यांच्या अडथळ्यांतलेही २० टक्के. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि हार्ट अटॅक चालू असताना हे गणित काढत बसायचं नसतं. तेव्हा मिनिटं मोजायची आणि दवाखाना गाठायचा.

अलीकडे तार न घालताही हे गुणोत्तर काढतात. सीटी स्कॅनवरून वाहिन्यांचा आकार घ्यायचा, द्रवाच्या गतीची समीकरणं संगणकाला सोडवायला द्यायची. अमेरिकेत अशा पद्धतीला २०१४ साली मान्यता मिळाली. बारीक वाहिन्या किती सैल होतील हे मात्र त्यात गृहीत धरावं लागतं, आणि वाहिनीत चुना फार साचला असेल तर चित्रच धूसर येतं.

राहिली उष्णता, आणि हा भाग बायकांनी विशेष ऐकावा. छातीत दुखतं, अँजिओ स्वच्छ येते, आणि ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं जातं. अँजिओत फक्त मोठ्या वाहिन्या दिसतात; दोष बारीक वाहिन्यांत असेल तर चित्रात काहीच उमटत नाही, आणि हा प्रकार बायकांत अधिक आढळतो. तिथे उष्णता कामाला येते. वाहिनीच्या तोंडाशी खोलीच्या तापमानाचं, म्हणजे रक्तापेक्षा थंड असं ३ मिलिलिटर सलाईन झटकन सोडतात. ते तारेच्या टोकाशी पोचलं की तिथलं तापमान क्षणभर खाली येतं. पोचायला लागलेला वेळ म्हणजे रक्ताची चाल. असं तीनदा करून सरासरी घेतात आणि तिला पलीकडच्या दाबाने गुणतात. उत्तर २५ किंवा त्याहून जास्त आलं तर बारीक वाहिन्यांचा विरोध वाढला आहे असं समजतात.

ही सोय सगळीकडे नसते आणि खर्चही वाढतो. तरी स्वच्छ रिपोर्ट हातात असूनही जिन्यात ज्यांना थांबावं लागतं, त्यांनी इथे ही तपासणी होते का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं. चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर त्या घेऊ.