उन्हाळ्यात मनही जपा
(तळा येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



तळ्यात पारा विदर्भाइतका चढत नाही; पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, अंग निवत नाही. रात्री झोप मोडते आणि दिवसा चिडचिड होते. हा केवळ स्वभावदोष नव्हे, उष्म्याचा ताण आहे.

राबाची व आंबा उतरवण्याची कामे सकाळी दहापर्यंत उरकावीत. दुपारी सावलीत विसावा घ्यावा. पाणी, ताक, कोकम सरबत प्यावे. दारूने अंगातील पाणी घटते, झोपही बिघडते. कर्जाचा, बांधाचा विषय भर दुपारी काढू नये. सकाळी शांतपणे बोलावे.

घरातील कोणी गप्प राहत असेल, जगणे नको म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. तो जरूर घ्यावा.